अळीने मका खाल्ला, नेपियर का सोडलं?

वाचकाचं पत्र:

स.न.वि.वि. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. घरी चार दुभत्या गाई आणि दोन पाड्या आहेत. चतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून चाऱ्याला कीड लागली आहे. घरामागच्या चढावर मका पेरलाय, आफ्रिकन टॉल वाणाचा. त्याला 35 दिवस झाले आणि पानांची चाळणी झाली आहे. मक्याला लागूनच हायब्रीड नेपियर आहे. त्याच्या पानांच्या कडा तेवढ्या कुरतडलेल्या, बाकी गवत जोमात. व्हाळाच्या काठचं पॅरा गवत पिवळं पडलंय आणि काड्यांवर फेस दिसतो. सासूबाई म्हणतात ती सापाची थुंकी, गुरांना घालू नका. कुळागरात माडांखाली गिनी गवत आहे, त्याला काहीच नाही. एका घराची चार गवतं आणि चार तऱ्हा, असं कसं? मुलाने दुकानातून औषधाची बाटली आणलीय. फवारू का? आणि ज्याला कीड लागतच नाही असं एखादं गवत असेल तर सांगा, तेच सगळीकडे लावू.

एक गोपालक गृहिणी, सत्तरी

ताई,

आधी बाटलीचं सांगतो, कारण बाकीचं उत्तर वाचून होईपर्यंत मुलाने पंप पाठीला लावलेला असायचा. फवारू नका. बाटलीवर मक्याचं चित्र असेल, अळीचंही असेल, आणि अळी तिने मरेलही. पण ते चित्र कणसाच्या मक्याचं. कणसाचा मका पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, फवारल्यावर पुढे दीड-दोन महिने शेतात उभा असतो आणि शेवटी माणसाच्या पोटात जातो तो दाणा, पान नव्हे. तुमचा मका पाना-खोडासकट कुट्टी होऊन गव्हाणीत जाणार, त्यातलं औषध दुधात उतरू शकतं, आणि दूध कोणाच्या पेल्यात जातं ते तुम्हांला माहीत. चारा पिकासाठीची शिफारस आणि फवारणीनंतर थांबायचे दिवस लेबलवर छापलेले नसतील, तर ते औषध चाऱ्याचं नव्हे, एवढा साधा हिशेब ठेवा.

आता चार तऱ्हांचा प्रश्न. तो मला फार आवडला, कारण बहुतेक पत्रांत ‘कीड लागली, औषध सांगा’ एवढंच असतं. तुम्ही शेजारशेजारची गवतं पाहून फरक टिपलात. आपण ‘कीड’ म्हणतो तेव्हा दहा प्रकारचे जीव एकाच पोत्यात भरतो. तुमच्या आवारात आत्ता किमान तीन वेगळी तोंडं चालू आहेत. एक पोंग्यात शिरून चघळणारं, एक पानाच्या कडेवर बसून कातरणारं, आणि एक काडीत सुई खुपसून पिणारं. तोंड ओळखलं की कुठल्या गवताचं किती जाणार, याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मक्यात जा. एक झाड निवडा आणि उलगडलेलं एक पान नीट बघा. भोकं आडव्या ओळीत असतील, एकाला लागून एक, जवळपास सारख्या अंतरावर. चतुर्थीच्या सजावटीला कागदाची घडी घालून एकदाच कात्री मारली की उलगडल्यावर भोकांची रांग दिसते, तसंच हे. पान पोंग्यात गुंडाळलेलं असताना अळीने एकदाच तोंड घातलं, भोकं मात्र पाच-सहा पडली. आता पोंगा दोन्ही हातांनी हळूच उकला. आत लाकडाच्या भुशासारखा ओलसर चुरा भरलेला दिसेल. ती तिची विष्ठा. त्याच्याखाली स्वतः बसलेली असेल. तपकिरी डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटाकडे पाठीवर चार काळे ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. ही अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती पहिल्यांदा 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे सापडली. नाव लष्करी, पण स्वभाव भाऊबंदकीचा. मोठ्या झाल्या की एकमेकींनाच खातात, म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच सापडते.

तिला मकाच का आवडला? माणसाने मका हजारो वर्षं निवडून निवडून मऊ, गोड आणि भरभर वाढणारा केला. त्या नादात त्याची स्वतःची हत्यारं बोथट झाली. वर आपण युरिया टाकतो, पान आणखी लुसलुशीत होतं. आणि पोंगा म्हणजे अळीला आयतं घर आहे. पाऊस आत थेट लागत नाही, पक्ष्याची चोच पोचत नाही, आणि रोज वरून ताजं पान वाढत असतं. भाडं नाही, वर जेवण.

शेजारच्या नेपियरला ती अजिबात शिवत नाही असं नाही. भूक असेल तेव्हा त्यावरही पोसली जाते, पण मक्यावर जशी फोफावते तशी तिथे नाही. नेपियर कापताना हातांना जी खाज सुटते, दंडावर जे बारीक ओरखडे उठतात, ती त्याची हत्यारं. पानावर कुसं आहेत, आणि कडेला वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या, सूक्ष्म दात्यांची करवत आहे. गवतं जमिनीतून सिलिका शोषून पानात साठवतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी सिलिकाने भरलेली गवतं अळ्यांना खाऊ घालून पाहिली, तर अळ्यांचे जबडे झिजले आणि खाल्लेलं पचेनासं झालं. वारंवार खुडलं गेलेलं गवत पुढच्या पानांत सिलिका वाढवतं, हेही त्यांना दिसलं. म्हणजे कोवळ्या आणि जून पानाचा फरक नुसत्या वयाचा नाही.

नेपियरची दुसरी गंमत आफ्रिकेत कळली. आपल्याकडचा मक्या-ज्वारीचा खोडकिडा 1930 च्या सुमारास आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या मक्याला जड गेला. 1990 च्या दशकात केनियातल्या इसिपे या कीटक संशोधन केंद्रात असं आढळलं, की या किड्याची मादी तिन्हीसांजेला अंडी घालायला निघते तेव्हा तिला मक्यापेक्षा नेपियरचा वास जास्त ओढतो. अंडी नेपियरवर पडतात. अळ्या बाहेर येऊन खोड पोखरायला लागल्या की नेपियर चिकट रस सोडतं, त्यात त्या अडकतात आणि बहुतेक मरतात. म्हणून तिथले शेतकरी मक्याभोवती नेपियरच्या ओळी लावतात आणि मक्याच्या आत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय चारापीक, ज्याचा वास पतंगांना नकोसा होतो. घराबाहेर गूळ ठेवून मुंग्यांना दारातच थोपवण्यासारखा हा प्रकार. पुढे लष्करी अळीसाठी याच मांडणीत नेपियरच्या जागी ब्रॅकिएरिया गवत घेतलं गेलं, आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेतांत अळ्या खूपच कमी भेटल्या. तुमचं नेपियर मक्याच्या एकाच बाजूला आहे. त्याने मका वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्यासाठी चारी बाजूंनी वेढा हवा.

मग नेपियरच्या कडा कुरतडल्या कोणी? नाकतोड्यांनी. खूण सोपी आहे. पानाच्या कडेपासून आत वेड्यावाकड्या खाचा पडतात, मधली जाड शीर तशीच राहते, आणि पोंगा स्वच्छ असतो. नाकतोड्याचं खरं प्रेम भातावर. त्यालाही कारण आहे. भात आणि नेपियर दोन्ही दिसायला हिरवीच, पण पानाची घडण वेगळी. नेपियर, मका, गिनी, पॅरा या उष्ण मुलखातल्या गवतांत पीठ आणि बरीचशी प्रथिनं शिरांभोवतीच्या जाड भिंतीच्या पेशींत कोंडलेली असतात. नाकतोडा पान चघळतो, पण त्यातल्या कितीतरी पेशी न फुटता त्याच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. भाताच्या पानात असा कडीकुलपाचा मामला नाही. त्यामुळे सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात शेतात उभं आहे तोवर नाकतोड्यांचं लक्ष तिकडे जास्त. भात कापलं, मेरेवरचं म्हणजे बांधावरचं गवत वाळलं, की आजूबाजूला हिरवं उरतं ते तुमचं पाणी दिलेलं नेपियर. तेव्हा आत्ता दिसतंय त्यापेक्षा थोडं जास्त कुरतडलेलं कार्तिकात दिसेल. घाबरू नका. नेपियर 40 ते 45 दिवसांनी कापायचंच असतं, आणि कडा गेल्याने भाऱ्याच्या वजनात जो फरक पडतो तो तुमच्या काट्याला कळणारही नाही.

यांचा बंदोबस्त आत्ता नाही, मेमध्ये. भातावरच्या मोठ्या हिरव्या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी होते. मादी पावसाच्या शेवटी मेरेच्या मातीत अंड्यांचे पुंजके घालते, आणि ती अंडी पुढच्या पहिल्या पावसाबरोबर फुटतात. मे महिन्यात मेर खरवडली की अंडी उघडी पडतात, उन्हाने आणि कोंबड्यांनी संपतात. पूर्वी मेर दरवर्षी खरवडून नव्याने लिंपत. आता गडी मिळत नाही म्हणून ते राहतं, आणि नाकतोडे वाढले म्हणून आपण ओरडतो. तोवर दुपारी गाई बाहेर सोडता तेव्हा त्यांच्या पायांशी घुटमळणारे पांढरे बगळे हाकलू नका. गाईच्या चालण्याने उडालेले नाकतोडेच ते टिपत असतात.

आता सासूबाईंची सापाची थुंकी. त्यांना मान देऊनच सांगतो, एकदा त्यांच्यासमोर फेसाच्या गोळ्यात बोट घाला. काही होत नाही. फेस बाजूला सारला की आत तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट हिरवं किंवा पिवळसर, मऊ अंगाचं पिल्लू दिसेल. ते लगबगीने काडीच्या मागच्या बाजूला जायला बघेल. हा थुंकीकिडा. तो काडीत सुई खुपसून मुळांकडून वर चढणारं पाणी पितो. त्या पाण्यात पोषण नावापुरतं, म्हणून पोट भरायला दिवसाला अंगाच्या वजनाच्या शेकडो पट प्यावं लागतं, आणि तेवढंच बाहेर टाकावं लागतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो हवा घुसळतो आणि त्या फेसात लपून राहतो. कोरडं पडायला नको आणि मुंगी-कोळ्याच्या नजरेलाही पडायला नको. गाईने तो फेस खाल्ला तर पाण्याचा एक घोट गेला म्हणा.

पण तुमचं पॅरा पिवळं पडलं ते या किड्यामुळे, असं मला वाटत नाही. पाहा, फेस आहे तिथून वर पानावर लांबट पिवळे पट्टे उठलेत का? तसं असेल तर किड्याचा हात आहे. आणि फेस असो-नसो, खालची जुनी पानं टोकाकडून सरसकट पिवळी होत चालली असतील, तर गवत उपाशी आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. व्हाळाच्या काठच्या मातीतलं नत्र चतुर्थीपर्यंत वाहून गेलेलं असतं. पॅरा पाण्यात उभं राहू शकतं, उपाशी नाही. जमिनीलगत कापून घ्या, दोन दिवसांनी गोठ्यातला शेणाचा काला आणि गोमूत्र पाणी घालून त्यावर सोडा, आणि पंधरा दिवसांनी रंग बघा. मला खात्री आहे ते हिरवं होईल. कापणीमुळे थुंकीकिडाही उन्हात उघडा पडून संपतो.

हाच किडा दुसऱ्या देशात किती महाग पडू शकतो, हे ऐकलंत तर ‘सगळीकडे एकच गवत लावू’ हा विचार सोडाल. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेली ब्रॅकिएरिया जातीची गवतं अफाट रानांवर लावली गेली. आपलं पॅरा त्याच गोतावळ्यातलं. त्यातलं सिग्नल गवत तिथल्या थुंकीकिड्यांना असं मानवलं, की कुरणंच्या कुरणं आगीने होरपळल्यासारखी तांबडी पडू लागली. तिथले किडे नुसते पीत नाहीत, पिताना विषारी लाळ सोडतात. मग 1984 मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने मारांडू नावाचा वाण काढला. त्यावर किड्याची पिल्लं जगतच ना. सगळ्यांनी तोच लावला. काही वर्षांनी थुंकीकिड्याची दुसरी मोठी जात, जी मुख्यतः उसावर असायची, या मारांडूवर उतरली आणि तिला त्याचं काही वाटेना. एका किड्यासाठी बंद केलेलं दार दुसऱ्यासाठी उघडंच होतं.

गिनी गवताला ‘काहीच नाही’ हे मात्र मी मानायला तयार नाही. माडाच्या सावलीत जाऊन चार पानं उलटी करा. लांबीने दुमडून रेशमाने शिवलेलं एखादं पान सापडेल, आत पान खरवडून पांढरं केलेलं असेल. कधी डोक्यावर दोन छोटी शिंगं असलेली हिरवीगार अळी दिसेल, तिचं पुढे संध्याकाळी घरात दिव्याकडे येणारं तपकिरी फुलपाखरू होतं. गिनीवर हे सगळं थोडंथोडं चालतं आणि कोणाचंच राज्य होत नाही. कारण कुळागरात कोळी आहेत, गांधीलमाश्या आहेत, सरडे आहेत, आणि गवत एका सलग पट्ट्यात नाही. तिथे काही करू नका. हात न लावणं हेही काम असतं, फक्त ते केल्यासारखं दिसत नाही.

आता ज्याला कीड लागतच नाही असं गवत. आहे ना. तुमच्या परसात आहे, गवती चहा. त्याची पानं कोणी कुरतडलेली क्वचितच दिसतात. ते गाईपुढे टाकून बघा, हुंगेल आणि मान फिरवेल. तसंच सड्यावरचं, म्हणजे कातळी माळावरचं, गवत दसऱ्यानंतर. श्रावणात तेच गवत गुरं आवडीने खातात आणि नाकतोडेही. एकदा कुसळं धरली, काडी जून झाली, की दोघंही सोडतात. गाईची जीभ आणि अळीचा जबडा यांची आवड फार वेगळी नाही. दोघांनाही कोवळं, ओलं, प्रथिनांचं पान हवं असतं.

न्यूझीलंडच्या दूधवाल्यांना हा धडा चांगलाच महागात पडला. तिथलं कुरण म्हणजे राय गवत. ते खाऊन मेंढ्यांना आणि गुरांना उन्हाळ्यात कापरं भरायचं, चालता चालता कोलमडायची. 1981 मध्ये उलगडा झाला, की गवताच्या आत राहणारी एक बुरशी हे विष तयार करते. बरं, मग बुरशी नसलेलं बी पेरलं. गुरं ठणठणीत, पण गवत अर्जेंटिनाहून आलेल्या एका सोंडकिड्याने खाऊन फस्त केलं. तीच बुरशी गवताची राखणदार होती! पुढे किड्याला नकोशी पण गुरांना सोसेल अशी बुरशी शोधून ती गवतात वसवायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. आपल्याकडची उष्ण मुलखातली गवतं वेगळी, ही भानगड त्यांच्यात नाही. पण बिनकिडीचं गवत विकायला कोणी दारात आला, तर त्याला आधी विचारा, गाय काय म्हणाली?

एक गोष्ट दूर्वांची, चतुर्थी नुकतीच झाली म्हणून. आपण जी दूर्वा गणपतीला वाहतो तीच अमेरिकेच्या दक्षिणेत हेक्टरच्या हेक्टर लावून तिचं वाळलं गवत करतात. लष्करी अळी तिथलीच, तिला दूर्वा फार आवडते. ती आपल्याकडे आली 2018 मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधी, 2010 मध्ये, जॉर्जिया राज्यात आशियातली एक छोटी पिवळी माशी पोचली होती, आपल्या ज्वारीच्या खोडमाशीची चुलत बहीण. तिची अळी दूर्वेच्या शेंड्यात शिरते, वरची दोन-तीन पानं वाळतात, आणि ओढलं तर मधली पात अलगद हातात येते. देणंघेणं फिटलं म्हणायचं. तिथे दिसलेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. बारीक काडीच्या दूर्वेचं नुकसान जास्त, जाड काडीच्या वाणाचं कमी. आणि जिथे गुरं चरतात त्या कुरणात माशीचा त्रास फारसा होत नाही, जिथे गवत कापणीसाठी वाढवतात तिथेच होतो. कारण चरणारी गुरं गवताबरोबर अंडी आणि अळ्याही खाऊन टाकतात.

म्हणून चाऱ्याच्या शेतात मी पंपाआधी विळा हातात घेतो. तुमचा मका 35 दिवसांचा आहे, चाऱ्याला तो साधारण 60 दिवसांनी, दाण्यात दूध भरताना, कापायचा. मध्ये 25 दिवस उरतात. शेत फिरून मोजा. दर दहा झाडांतल्या सात-आठांचा पोंगा खाल्लेला असेल तर वाट बघू नका. रोज लागेल तेवढा कापत जा, कुट्टी करा, नेपियरमध्ये मिसळून घाला. अळीसकट घातलं तरी गाईला बाधत नाही. निम्म्याहून कमी झाडं लागली असतील तर मका वाचवण्यासारखा आहे. सकाळी पोंग्यातली अळी हाताने चिरडा. मग पोंग्यात वाळू नि चुना, नऊ भागांस एक, चिमूटभर टाका. वाळू तिच्या अंगाला खरचटते आणि पोंग्याचं सुखाचं घर मोडतं. पानांच्या खाली लोकरीसारख्या आवरणाने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पानच खुडून गाईला घाला. एवढ्यावर भागलं नाही तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, दुकानात ‘बीटी’ म्हणून मिळणारी जिवाणूची भुकटी, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी आणि थेट पोंग्यात. उन्हात ती निकामी होते आणि लहान अळ्यांवरच नीट चालते. बोटाएवढ्या अळीवर तिचे पैसे घालवू नका. पोंग्यात पांढरी पडून, पिठासारखी बुरशी चढून मेलेली अळी दिसली, तर तिला तिथेच राहू द्या. आपल्या दमट हवेत ती बुरशी स्वतःच पुढच्या पोंग्यात पोचते.

निंबोळी अर्काबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. एके वर्षी मी नेपियरवर पाच टक्के निंबोळी अर्क मारला आणि तिसऱ्या दिवशी कापून घातला. आमच्या तांबड्या गाईने गव्हाणीत तोंड घातलं, फुरफुरली, आणि अख्खा भारा शिंगाने बाहेर ढकलला. सलग चार दिवस हाच कार्यक्रम, दूध निम्म्यावर. अळ्या मेल्या की नाही ते बघायचं भानच राहिलं नाही. मारायचाच असेल तर कापल्यानंतरच्या नव्या फुटव्यांवर मारा, म्हणजे पुढची कापणी महिनाभर लांब असते.

मक्याऐवजी ज्वारी पेरायचा मोह होईल, कारण बी स्वस्त असतं. जपून. कोवळ्या ज्वारीत गुरांना मारणारं विष असतं, आणि किडीने पोंगा मेल्यावर खालून जे नवे कोंब फुटतात त्यांत ते आणखी जास्त. खोडमाशी लागलेली, गुडघ्याएवढी, हिरवीगार ज्वारी दिसायला फार छान दिसते. फुलोऱ्यावर येईपर्यंत तिच्याकडे गाय फिरकू देऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या पावसाळ्यात चढावर मका लावलाच नसता. तिथे नेपियर वाढवलं असतं. चांगलं शेण आणि पाणी मिळालं तर हे गवत हेक्टरी वर्षाला 250 टनांच्या पुढे जातं, म्हणजे हजार चौरस मीटरमध्ये दोन गाईंचा हिरवा चारा निघतो. मका हवाच असेल तर थोडा, भात काढल्यावर पाण्याची सोय असलेल्या जागी, आणि सगळा एकाच आठवड्यात पेरून. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरत गेलात तर तुम्ही अळीला वर्षभराची खानावळ घालून देता. मक्याच्या ओळींमध्ये अळसांदे, म्हणजे चवळी, घाला. ते डेस्मोडियमसारखं वासाचं काम करणार नाहीत, पण कुट्टीत प्रथिनं येतील. आणि सगळी जमीन नेपियरखाली घालू नका. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट नावाचं आम्लाचं क्षार असतं, तेच ते खाऊन गाईचं कॅल्शियम मागे पडतं. गिनी, पॅरा, थोडं सड्याचं गवत असं मिसळून चालू द्या, जोडीला खनिज मिश्रण द्या.

अळीबद्दल शंका राहिली तर दोन-तीन अळ्या मक्याच्या पानासकट, झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत घालून वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात न्या, किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात. बरणी दोन असू द्या. एका बरणीत ठेवलेल्या तीन अळ्यांमधली पोचेपर्यंत एकच उरते, हे माझ्याबरोबर झालेलं आहे.

ता.क. बीटी फवारायची वेळ आलीच, तर तो पंप याआधी कशाला वापरला होता ते मुलाला नक्की विचारा. तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून चालत नाही. साबणाच्या पाण्याने तीनदा धुवा, नळी आणि नोझल सोडवून. नाहीतर अळीने ठेवलेला मकाही वाळेल. आणि गव्यांनी केलेल्या नुकसानीबद्दल तुम्ही समासात जे लिहिलंय ते वाचलं. त्यांचं तोंड पाहून नुकसान ओळखायची गरजच नाही, पण त्यावरचा उपाय माझ्या सदरात मावणारा नाही.